मिरचीचं लोणचं आणि कोरडा हात

लोणचं या शब्दातच त्याची अर्धी कृती सांगून ठेवलेली आहे. लोण म्हणजे लवण, लवण म्हणजे मीठ. आपल्या पूर्वजांनी या पदार्थाचं नाव ठेवताना तेलाकडे पाहिलं नाही, तिखटाकडे पाहिलं नाही, कैरी-लिंबाकडेही पाहिलं नाही. त्यांनी मिठाकडे पाहिलं. हिंदी-उर्दूतला ‘अचार’ फारसीतून आला. आमच्या घरात दखनी बोलत, त्यामुळे उंबऱ्याच्या आत अचार आणि उंबऱ्याबाहेर लोणचं असे दोन्ही शब्द मी एकाच बरणीसाठी वापरत वाढलो. शब्द दोन असले तरी चव एकच होती, आणि ती बिघडायची कारणंही एकच होती. आज बोलायचं आहे ते त्या कारणांविषयी. हिरव्या मिरचीचं लोणचं घरी घालताना आपण जे जे करतो, ते का करतो हे कळलं, तर लोणचं टिकतं. शिवाय लोणच्याबरोबर आपण जे काही उगाच टिकवून ठेवलं आहे, तेही टाकून देता येतं.

आधी मिरचीची थोडी ओळख करून घेऊ. मिरची हे नाव तिचं स्वतःचं नाही, ते तिनं मिऱ्याकडून घेतलं. संस्कृतात मिऱ्याला ‘मरीच’ म्हणतात. तिखटपणाचं हे जुनं नाव नव्या फळाला मिळालं. असंच युरोपातही घडलं. कोलंबस १४९२ साली मिऱ्याच्या देशाचा रस्ता शोधायला निघाला, पोचला अमेरिकेजवळच्या बेटांवर, आणि तिथल्या तिखट फळाला त्यानं मिऱ्याचंच नाव दिलं. इंग्रजीत आजही मिऱ्याला आणि मिरचीला ‘पेपर’ हाच शब्द चालतो.

मिरची मूळची अमेरिका खंडातली. मेक्सिको आणि आसपासच्या मुलखात माणसं ती हजारो वर्षं पिकवत होती. वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला आला, १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला, आणि सोळाव्या शतकात त्यांच्या गलबतांतून मिरची आपल्या किनाऱ्यावर उतरली. त्याआधी आपल्याकडे तिखट म्हणजे मिरे, पिंपळी, आलं आणि मोहरी. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ बाराव्या शतकातला. त्यात राजाच्या जेवणाचं मोठं रसाळ वर्णन आहे, पण मिरची नाही. असणार कशी? ती यायला अजून चारशे वर्षं होती. ज्या मिरचीशिवाय आपल्याला ठेचा, पिठलं, मिसळ यांची कल्पनाही करवत नाही, ती चारशे-पाचशे वर्षांपूर्वी परदेशातून आलेली पाहुणी आहे. अस्सल कोण आणि परका कोण, हा वाद घालताना समोरच्या ताटाकडे एकदा बघावं, असं मला नेहमी वाटतं.

आता ही पाहुणी इतकी रुळली की तिची गावोगावची घराणी झाली. नागपूर जिल्ह्यातली भिवापुरी मिरची, कर्नाटकातली लालभडक पण सौम्य ब्याडगी, गोव्यातल्या काणकोणची खोला मिरची, या तिघींना भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. नंदुरबारचा मिरचीबाजार तर प्रसिद्धच आहे. पण यातल्या बहुतेक मिरच्या लाल करून, वाळवून वापरायच्या. लोणच्याला हवी हिरवी, ताजी, कडक मिरची. बाजारात तिचे ढोबळ तीन प्रकार मिळतात. बारीक, टोकदार लवंगी सगळ्यांत जहाल. लांब, थोडी सुरकुतलेली, गडद हिरवी ज्वाला मध्यम तिखट, आणि लोणच्याला सर्वांत सोयीची. जाड सालीची, फिकट, भज्यांसाठी घेतात ती भावनगरी सगळ्यांत सौम्य. घरात लहान मुलं किंवा पित्ताचा त्रास असलेलं कोणी असेल तर ज्वाला आणि भावनगरी निम्मी निम्मी घ्यावी. मिरची दोन बोटांत वाकवून पाहावी. कट्‌कन मोडली तर ताजी. नुसतीच वाकली तर ती भाजीत जाऊ द्या.

हे तिखट असतं कुठं? बहुतेकजण सांगतील, बियांत. ते खरं नाही. मिरची उभी चिरली की आत बिया ज्याला चिकटलेल्या असतात ती पांढरट शीर दिसते. तिखटपणा देणारं द्रव्य, म्हणजे कॅप्सायसिन, त्या शिरेत तयार होतं. बियांना ते लागून लागून चिकटतं, एवढंच. म्हणून लोणचं कमी तिखट हवं असेल तर नुसत्या बिया झटकून उपयोग नाही, शीर काढावी लागते.

आणि गंमत अशी की तिखट ही चवच नव्हे. गोड, आंबट, खारट, कडू या जिभेच्या चवी. तिखट हे चटक्याचं भान आहे. साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वर काही लागलं की ‘भाजतंय’ असं मेंदूला कळवणारी एक यंत्रणा आपल्या मज्जातंतूंत असते. कॅप्सायसिन त्याच यंत्रणेचं बटण दाबतं. प्रत्यक्षात काहीच तापलेलं नसतं, तरी मेंदू समजतो की आग लागली, आणि घाम फोडून, नाक गाळून, डोळ्यांना पाणी आणून तो ती विझवायला धावतो. हे बटण १९९७ साली डेव्हिड ज्युलियस या अमेरिकी शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेनं शोधून काढलं. २०२१ च्या वैद्यकाच्या नोबेल पुरस्कारात त्याचा वाटा होता. पक्ष्यांच्या अंगातल्या या बटणावर मात्र मिरचीचा परिणाम होत नाही. म्हणून पोपट मजेत मिरची खातो आणि तिच्या बिया रानभर पेरतो. उंदीर-घुशींनी बिया चावून नासू नयेत आणि पक्ष्यांनी त्या दूर न्याव्यात, अशी ही झाडाची योजना. माणसानं मात्र त्या आगीचीच आवड लावून घेतली.

कॅप्सायसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतं. या एका गोष्टीतून स्वयंपाकघरातल्या दोन गोष्टी समजतात. एक, मिरच्या चिरून हातांची आग झाली तर नुसतं पाणी ओतत बसू नये. आधी हाताला गोडं तेल चोळावं, मग साबणानं धुवावं. तोंड पोळलं तर पाण्यापेक्षा दूध किंवा दही बरं. दुसरी गोष्ट, लोणचं मुरलं की तिखट फक्त फोडीत राहत नाही, वरच्या तेलात उतरतं. म्हणून मिरचीच्या लोणच्याचं नुसतं तेल भाकरीला लावलं तरी कानशिलं तापतात.

आता कृती. मी वजनात सांगतो, कारण लोणच्यात चमच्याचा अंदाज फसवा असतो. चमचाभर खडे मीठ आणि चमचाभर बारीक मीठ यांचं वजन सारखं नसतं, आणि इथं सगळा भरवसा मिठावर आहे. १ किलो मिरच्या, २०० ग्रॅम मीठ, १५० ग्रॅम मोहरीची डाळ, २० ग्रॅम मेथ्या, १५ ग्रॅम हिंग, २५ ग्रॅम हळद, पाव लिटर लिंबाचा रस (त्याला रसाळ कागदी लिंबं पंधरा तरी लागतात) आणि साधारण ३५० मिलिलिटर तेल. हे लोणचं थंडीत घालावं. मिरची ताजी आणि भरपूर असते, लिंबंही परवडतात. उन्हाळ्यात लिंबांचे भाव असे चढतात की एवढ्या रसात बरणीपेक्षा खिसाच जास्त रिकामा होतो.

मिरच्या देठासकट धुवाव्यात. देठ आधी काढलं तर त्या भोकातून पाणी आत शिरतं, आणि आत शिरलेलं पाणी पंचाला पुसता येत नाही. धुऊन, पुसून, स्वच्छ कापडावर सावलीत चार-पाच तास पसरून ठेवाव्यात. पूर्ण कोरड्या झाल्या की देठ काढावं आणि बोटाच्या पेराएवढे तुकडे करावेत, किंवा उभी चीर द्यावी. मिरची अख्खी, न चिरता घालू नये. तिची साल मेणचट असते. मीठ आणि आंबट बाहेरच थांबतं, आतल्या पोकळीत हवा आणि ओल तशीच राहते, आणि बुरशी तिथूनच सुरू होते.

सुरी, विळी, पाट, परात, हात, सगळं कोरडं हवं. बरणी काचेची किंवा चिनी मातीची हवी. मीठ आणि आंबट मिळून तांबं, पितळ, ॲल्युमिनियम खातात, म्हणून धातूचा डबा नको. बरणी उकळत्या पाण्यानं धुऊन उन्हात खडखडीत वाळवावी. आमच्याकडे निखाऱ्यावर चिमूटभर हिंग टाकून त्यावर बरणी पालथी धरत. त्या धुरीनं बरणीतली शेवटची ओल जाई आणि वासही लागे.

मीठ कढईत कोरडंच भाजून गार करावं. चिरलेल्या मिरच्यांना हे मीठ आणि हळद चोळून लिंबाचा निम्मा रस घालावा आणि झाकून रात्रभर ठेवावं. सकाळी परातीत पाणी सुटलेलं दिसेल. ते टाकायचं नाही, तोच खार. मिरचीच्या वजनात दहा भागांपैकी जवळजवळ नऊ भाग पाणी असतं. मीठ ते बाहेर ओढतं आणि स्वतः त्यात उतरतं. जंतूंना वाढायला मोकळं पाणी लागतं. मिठानं ते पाणी धरून ठेवलं की जंतू पाण्यात असूनही तहानलेले राहतात. लोणचं टिकतं त्याचं मुख्य कारण हे.

आता मोहरी. हा लोणच्यातला सगळ्यांत नाजूक भाग. मोहरीचा दाणा तोंडात धरला तर झणका लागत नाही. कुटून ओली केली की नाकात जातो. याचं कारण असं, की मोहरीच्या दाण्यात झणक्याचा कच्चा माल एका कप्प्यात असतो आणि त्याचा झणका करणारं विकर दुसऱ्या कप्प्यात. कुटल्यानं कप्पे फुटतात, पाण्यानं दोघांची गाठ पडते, आणि मग तो वास डोक्यात चढतो. मराठीत या क्रियेला फार सुंदर शब्द आहे: मोहरी फेसणं. निम्मी मोहरीची डाळ भरड कुटून बाजूला ठेवावी. उरलेली निम्मी बारीक करून त्यात उकळून गार केलेलं तीन-चार मोठे चमचे पाणी घालावं आणि दहा मिनिटं फेसावी. नाकाला झिणझिण्या आल्या की उरलेला लिंबाचा रस घालावा. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी रस घातला तर विकराचं काम मंदावतं. नंतर घातला तर तयार झालेला झणका टिकायला मदत होते. आणि पाणी गरम नको, कारण उष्णतेनं ते विकर मरतं. मग मोहरी नुसती कडू लागते, चढत नाही.

फोडणी गार करून घालायची, याचंही एक कारण हेच. मेथ्या थोड्या तेलात तांबूस तळून कुटाव्यात. बाकीचं तेल चांगलं तापवून उतरवावं, धग थोडी कमी झाली की हिंग आणि मेथीपूड घालावी आणि तेल अगदी गार होऊ द्यावं. मुरलेल्या मिरच्या, कुटलेली मोहरी, फेसलेली मोहरी हे सगळं एकत्र कालवून बरणीत दाबून भरावं, म्हणजे मध्ये हवा राहणार नाही. वरून गार तेल ओतावं. फोडींवर बोटभर तेल उभं राहिलं पाहिजे. तोंडाला स्वच्छ कापडाचा दादरा बांधावा आणि पहिले आठ दिवस रोज एकदा कोरड्या डावानं वर-खाली करावं. आठव्या दिवशी हिरवागार रंग जाऊन मेंदीसारखा झालेला दिसेल. घाबरू नये, ते बिघडणं नव्हे. आंबटामुळे पानाफळांतल्या हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम निघून जातं आणि रंग बदलतो. बाजारच्या मिरचीच्या लोणच्याचा रंग महिनोन्‌महिने पोपटी राहिलेला दिसला, तर मात्र पाकिटावरची बारीक अक्षरं जरूर वाचावीत.

आता जरा गंभीर गोष्ट. हल्ली घरोघरी रक्तदाब आहे. डॉक्टर सांगतात मीठ कमी करा, आणि मग आपण लोणच्यातलं मीठ निम्मं करतो. वर म्हणतो, तेल आहे की भरपूर, टिकेल. तेल जंतू मारत नाही, हे नीट लक्षात ठेवायला हवं. तेल फक्त हवा अडवतं. हवा अडवली की बुरशीला आळा बसतो, कारण तिला हवा लागते. पण जंतूंची एक जात अशी आहे की जिला हवा नसलेलीच जागा मानवते. क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम हे तिचं नाव. मातीत ती असतेच. कमी मीठ, कमी आंबट आणि वर तेलाचं झाकण, अशा ठिकाणी ती वाढली तर जे विष तयार करते ते माणसाच्या नसा लुळ्या पाडतं. त्या विषाला रंग, वास, चव यांपैकी काहीही ओळखीचं नसतं. तिला रोखणाऱ्या गोष्टी दोनच, पुरेसं मीठ आणि पुरेसं आंबट. आंबटपणा मोजायच्या पीएच मापात ४.६ च्या खाली ती वाढू शकत नाही. आकडा जितका कमी तितकं आंबट जास्त. प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात पीएचचे कागद मिळतात. खारात बुडवून रंग पाहिला आणि ४ किंवा त्याहून कमी आला की निर्धास्त राहावं.

म्हणून माझं म्हणणं असं की मीठ बरणीत कमी करू नका, ताटात कमी करा. वर दिलेल्या मापानं होणारं लोणचं साधारण दोन किलो भरतं आणि त्यात २०० ग्रॅम मीठ असतं. म्हणजे दहा ग्रॅम लोणच्यात सुमारे एक ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला पाच ग्रॅमच्या आतच मीठ खायला सांगते. एक लहान चमचा लोणचं घेतलं की त्यातला पाचवा हिस्सा संपला. हा हिशेब मनात ठेवून पान वाढावं. ज्यांना मीठ खरोखरच वर्ज्य आहे त्यांनी कमी मिठाची मिरची भरपूर लिंबू पिळून वाटीभरच करावी, फ्रीजमध्ये ठेवावी आणि तीन-चार दिवसांत संपवावी. तिला लोणचं म्हणून बरणीत भरून फळीवर ठेवू नये. लसूण घालणाऱ्यांनीही हेच ध्यानात ठेवावं, लसूण आंबट नसते आणि ती जमिनीत वाढलेली असते. तिला खारात पूर्ण मुरू द्यावं, नुसत्या तेलात सोडू नये.

दुसरी भीती मात्र थोडी कमी करतो. मिरचीनं पोटात अल्सर होतो असं आपण लहानपणापासून ऐकलं. पोटाच्या बहुतेक अल्सरचं मूळ हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाच्या जंतूत किंवा वेदनाशामक गोळ्यांच्या अतिरेकात असतं. या जंतूचा शोध लावणाऱ्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना २००५ साली नोबेल मिळालं. मिरची अल्सर करत नसली तरी असलेल्या दुखण्याला झोंबते, हेही खरं. पित्तवाल्यांनी आपलं पोट काय सांगतं ते ऐकावं.

आता शेवटी राहिलेली, आणि मला सगळ्यांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. लोणचं का बिघडतं याची एक यादी आपल्या घरांमध्ये फार वर्षं चालत आली आहे. पाळी आलेल्या बाईचा हात लागला, बिघडलं. सोवळ्यात नसलेल्याची सावली पडली, बिघडलं. अमक्या जातीच्या, तमक्या धर्माच्या माणसानं बरणीला शिवलं, बिघडलं. २०१४ साली सॅनिटरी नॅपकिन बनवणाऱ्या एका कंपनीला ‘लोणच्याला हात लावा’ अशा अर्थाची जाहिरात करावी लागली, यावरून ही यादी किती चिवट आहे ते कळतं. शहरातल्या शिकलेल्या घरांतूनही ती पूर्ण गेलेली नाही.

आमच्या गल्लीतल्या एक काकू होत्या. त्यांचं मिरचीचं लोणचं गल्लीत नावाजलेलं. दर थंडीत त्या माझ्या अम्माला हाक मारत, “भाभी, मोहरी फेसायला या, तुमच्या हाताला चढते.” अम्मा जायची. काकूंच्या सासूबाई माजघरातून नुसत्या बघत असायच्या, बोलायच्या नाहीत. परात भरली की काकू सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायच्या, “आमचं लोणचं वर्षभर टिकतं, कारण भाभींचा हात कोरडा आहे.” ते वाक्य कुणासाठी होतं हे मला पुष्कळ उशिरा कळलं. आणि आमच्या घरी अचार घालायचा दिवस असला की अम्मा आम्हां भावंडांना बरणीजवळ येताना अडवून एकच प्रश्न विचारायची, “हात सुक्का है क्या?” मुलगा आहेस की मुलगी, अंघोळ झाली का, पाळी आहे का, यांपैकी काहीही नाही. हात सुका आहे का, एवढंच.

शास्त्र त्या दोघींच्या बाजूचं आहे. लोणचं बिघडवतात त्या गोष्टी मोजून चार. ओल, कमी मीठ, कमी आंबट आणि फोडींवर उघडी राहिलेली हवा. पाळीच्या काळात बाईच्या हातातून असं काहीही बाहेर पडत नाही की ज्यानं मिठाचा किंवा लिंबाचा गुण कमी व्हावा. जातीला आणि धर्माला तर ओल नसतेच. जुन्या काळी या नियमांनी बायकांना चार दिवस थोडी विश्रांती मिळे, असं कुणी म्हणतं. विश्रांती द्यायचीच असेल तर ती सरळ विश्रांती म्हणून द्यावी, अपवित्र ठरवून नव्हे. आणि त्या चार दिवसांत बरणी हलवायचं काम घरातल्या पुरुषांनी करायला काय हरकत आहे? आठ दिवस रोज एकदा डाव फिरवायला मिशी आडवी येत नाही. मी गेली कित्येक वर्षं ते करतो आहे. कवितेला वेळ मिळतो आणि लोणचंही मुरतं.

आता बरणी कशी वापरायची ते सांगून थांबतो. मोठ्या बरणीत रोज हात घालू नये. आठवड्यापुरतं लोणचं लहान काचेच्या बाटलीत काढावं. मोठ्या बरणीत फोडी तेलाच्या वर डोकावू लागल्या तर आणखी तेल तापवून, गार करून ओतावं. जेवणातला उष्टा किंवा ओला चमचा बरणीत जाऊ देऊ नये. वर बुरशीचे ठिपके दिसले तर वरचा थर काढून खाली चांगलं असेल असं समजू नये. बुरशी लोणच्यातलं आंबट खाऊन टाकते आणि मग दुसऱ्या जंतूंना रस्ता मोकळा होतो. बरणी फसफसली, झाकण फुगलं, वास आंबूस न येता कुजका आला, तर चाखून बघायच्या भानगडीत पडू नये. सगळं टाकून द्यावं. दोन किलो लोणच्याच्या हळहळीपेक्षा घरातली माणसं मोलाची.

आणि सगळं नीट झालं, बरणी तळाला लागली, तर उरलेला खार फेकू नका. त्यात दोन गाजरं चिरून घाला, कोवळ्या गवारीच्या शेंगा वाफवून कोरड्या करून घाला, वर लिंबू पिळा आणि फ्रीजमध्ये ठेवून आठवड्यात संपवा. गरम भाकरी, वर कच्चं तेल आणि शेजारी ही गाजरं. शेजाऱ्यांकडेही वाटीभर पाठवा. वाटी मात्र कोरडी पाठवा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)